गुदगुल्यांची तपासणी

मामाचा आवाज बसला होता. बाजारात लिलाव पुकारून पुकारून घशाने संप केला, आणि सकाळपासून त्याने तोंड उघडलं की आतून नुसती वाफ यायची.

"तोफ थंडावली," ताई म्हणाली. "पण तपासणी चुकवायची नाही."

ताईची लेक, मामाची भाची, पलंगावर पालथी, डोळ्यांवर ओढणी बांधलेली. कमरेवर जन्मापासूनची चरबीची गाठ, फ्रॉकमधूनही उशीसारखी दिसायची. साधी गाठ, कॅन्सरबिन्सर काही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. फक्त ती आत मज्जारज्जूला चिकटलीय. पोर उंच होईल तसा तो ताणला जाईल, पाय बधिर होऊ लागतील. म्हणून दर रविवारी डोळे बांधायचे आणि पायाच्या तळव्याला कापूस लावायचा. कळेनासं झालं, की त्याच दिवशी घेऊन यायचं.

पोर वेलीसारखी वाढत होती. सगळे कौतुक करायचे. डॉक्टर तेवढे करायचे नाहीत.

कापूस पहिल्याच रविवारी रद्द झाला. मामा लिलावाच्या सुरात "विंचू आलाऽऽ!" पुकारायचा, तळव्यावर बोटं नाचवायचा, भाची खिदळायची आणि ताई हुश्श करायची. इतकी हसरी तपासणी कुठल्या दवाखान्यात होत नसेल.

आज मामाने मुकाट्यानेच उजव्या तळव्यावर बोट फिरवलं. भाची किंचाळली.

"चीटिंग! सांगितलं का नाहीस?"

ताई हसली. मामा डाव्या पायाकडे वळला. आधी बोट. मग नख. मग उशाशी पडलेला कंगवा.

"मामा, कर ना आता दुसरा," भाची म्हणाली. "झोपलास का?"

मामाने कंगवा दाबला. तळव्यावर दातांची पांढरी रांग उमटली.

"आई, बघ ना गं, हा करतच नाही!"

ताईचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, आवरायचं विसरल्यासारखं. मामाने कंगवा खाली ठेवला. मग ताईनेच घसा खाकरला आणि, मोठ्याने म्हणायचं ते अगदी हळू म्हणाली,

"विंचू आला."

भाची फुटलीच. उशीत तोंड खुपसून, लोळून लोळून हसायला लागली.

"डाव्या पायाला गुदगुल्या! पुरे, मामा, पुरे! सोड ना!"

मामाचे दोन्ही हात त्याच्याच मांडीवर होते.