चौसष्ट ओहम

"इथे सही करा," म्हणत सेफ्टी ऑफिसरने कागद तिच्यापुढे सरकवला आणि पेनाचं टोपणही स्वतःच काढून दिलं. एवढी तत्परता त्याने तिच्या धाकट्या भावाला टाकीत उतरवताना दाखवली असती, तर या खोलीत बसायची वेळ कुणावरच आली नसती.

तिने कागद दुसऱ्यांदा वाचला. बावीस वर्षं जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून रिवाइंड करणारी बाई होती ती. आकडा दिसला की नजर आपोआप थांबायची. लोखंडी टाकीत काम करायला दिलेला हातदिवा सुरक्षित होता, असं कागदाचं म्हणणं. व्होल्टेज चोवीस, करंट अडीच अँपिअर. एवढ्याने माणूस मरत नाही. तेव्हा फिटर, म्हणजे तिचा भाऊ, मेला तो उकाड्याने, न सांगता जास्त वेळ आत थांबल्याने, म्हणजे स्वतःच्या निष्काळजीपणाने. सगळं खापर मेलेल्या माणसाच्या डोक्यावर. तो काही उठून भांडायला येणार नव्हता.

"तळहातावर भाजलेलं मी पाहिलंय," ती म्हणाली.

"वेल्डिंगची जुनी खूण असेल. ताई, जरा समजून घ्या..."

"ताई म्हणू नका. ताई म्हणणारा गेला."

ऑफिसरशेजारी बसलेल्या मॅनेजरने घसा खाकरला. कोपऱ्यातल्या टायपिस्ट बाईंनी मान खाली घातली.

तिने पिशवीतून जाळीचा हातदिवा काढला आणि टेबलावर ठेवला. ऑफिसरचा चेहरा उतरला.

"हा तुमच्याकडे कसा?"

"तुमच्याच स्टोअरने घरी पाठवला. बूट, डबा, पाने-पक्कड, हा दिवा. त्याचंच सामान समजून. यादीवर सही तुमची आहे."

न वाचता सही करायची सवय या माणसाला जुनीच असावी.

तिने जाळी उघडून बल्ब काढला. काचेवरचे छापील आकडे केव्हाच झिजून गेले होते. मग तोच कागद उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर हिशेब मांडला, मोठ्याने बोलत, दुकानात गिऱ्हाइकाला समजावते तशी.

"चोवीस गुणिले अडीच, साठ. साठ वॅटचा बल्ब, कबूल. चोवीस भागिले अडीच, नऊ पूर्णांक सहा. म्हणजे पेटलेल्या बल्बचा रेझिस्टन्स दहा ओहमसुद्धा नाही. हे सगळं तुमच्याच आकड्यांवरून. माझ्या पदरचं काही नाही."

तिने पिशवीतून रेझिस्टन्स मोजायचं मीटर काढलं, त्याच्या दोन्ही पिना बल्बला टेकवल्या आणि मीटरचं तोंड मॅनेजरकडे फिरवलं. "वाचा."

"चौसष्ट," मॅनेजर म्हणाला.

ऑफिसरच्या जिवात जीव आला. तो चक्क हसला. "अहो बाई, हा बल्ब थंड आहे. तापल्यावर रेझिस्टन्स बदलतो. शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं हे."

"बदलतो ना. पण वाढतो की कमी होतो?"

त्याचं हसू मावळलं. त्याला उत्तर येत होतं, म्हणूनच.

"वाढतो, साहेब! थंड असताना चौसष्ट आहे, तो तापून नऊ कसा होईल? हा घरात लावतात तो बल्ब आहे. दोनशे तीस व्होल्टचा. चोवीसवर हा काजव्याएवढाही पेटला नसता. आत चारी बाजूंनी लोखंड, अंगावर घामाच्या धारा, आणि त्या पोराच्या हातात तुम्ही दोनशे तीस व्होल्ट दिलेत. वर निष्काळजी तो?" तिचा हात टेबलावर आपटला. पेन घरंगळत खाली गेलं. कुणी उचललं नाही.

"मीटर बिघडलेलं असेल," ऑफिसर म्हणाला. मग आवाज चढवून, "कुठलं तरी मीटर आणायचं आणि कंपनीवर आरोप करायचे? बल्ब चोवीसचाच आहे. मी स्वतः तपासून दिलाय."

"स्वतः?"

"स्वतः."

ती उठली. त्याच्या पुढ्यातल्या टेबललॅम्पमधला बल्ब तिने काढला आणि भावाच्या दिव्यातला तिथे बसवला.

"इथे दोनशे तीस आहेत. चोवीसचा बल्ब असेल तर फाडकन फुटेल, काचा उडतील. डोळे सांभाळा."

टायपिस्ट बाईंनी फाईल तोंडापुढे धरली. मॅनेजर खुर्चीसकट मागे सरकला आणि त्याने कोपराआड चेहरा लपवला. तिने बटण दाबलं.

बल्ब निवांत पेटला. पिवळा उजेड टेबलावर पसरला, उलट्या कागदावर, हिशेबावर, पेनाच्या काढून ठेवलेल्या टोपणावर. मॅनेजरने हळूच हात खाली घेतला. बल्बकडे त्याने पाहिलंच नाही. तो शेजारी बसलेल्या ऑफिसरकडे बघत राहिला. ऑफिसर होता तिथेच होता, बल्बपासून वीतभर अंतरावर, टेबलावर कोपरं टेकून. त्याने पापणीसुद्धा मिटली नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता, "बल्ब फुटणार म्हटल्यावर हे दोघं घाबरले. तुम्ही का नाही घाबरलात?"