चटईवर

भुऱ्याने पुन्हा दात विचकले आणि मास्तरांनी उगारलेला हात खाली घेतला.

"झालं. आजही नापास," मावशी म्हणाली. ती खराटा घेऊन भिंतीला टेकली होती. कुत्र्यांच्या निवाऱ्यातले पिंजरे धुणं हे तिचं खरं काम. हल्ली त्यात मास्तरांच्या हातचा खोटा मार खाण्याची भर पडली होती. "जन्मात कुणी हात उचलला नाही माझ्यावर. नोकरीपायी तेही झालं."

मास्तरांना हसू आलं नाही. टाकून दिलेल्या, बिथरलेल्या कुत्र्यांना वळण लावण्यात त्यांची उमर गेली होती. पण चावला म्हणून मालकाने आणून सोडलेल्या कुत्र्याला इथे एकच संधी मिळे. डॉक्टर परीक्षा घेत. पास झाला तर घर, नाही तर इंजेक्शन. गेल्या हिवाळ्यात एका काळ्या कुत्रीचा पंजा मास्तरांनी शेवटपर्यंत हातात धरून ठेवला होता. तो गार होत गेलेला त्यांना अजून आठवे. भुऱ्याची परीक्षा शनिवारी होती.

गाडी अडली होती एकाच ठिकाणी. खाताना ताट ओढून घेतलं, भुऱ्या शांत. दार आपटलं, कान पिळला, शांत. त्याच्या स्वतःच्या अंगावर हात उगारला तरी तो नुसता बघत राही. पण दुसऱ्या कुणावर हात उगारला की संपलं. थेट झेप.

"मार खाल्लेलं कुत्रं असं नसतं," मावशी म्हणाली. "ते अंग चोरतं."

"मार कुठला? लाडावलाय. घरात आपलंच राज्य आहे असं वाटतं याला."

मालकाकडे बघूनही मास्तरांना तसंच वाटे. सज्जन माणूस. दर रविवारी न चुकता यायचा, येताना बिस्किटांचे पुडे आणायचा. मनगटावरच्या जखमेचे व्रण शर्टाच्या बाहीखाली झाकलेले असायचे. त्याबद्दल बोलायचाही नाही. मास्तरांनीच एकदा विचारलं होतं.

"बायकोशी बोलत होतो. बोलताना हात हलतो ना आपला, तेवढंच," तो म्हणाला होता. "पण राग नाही हो माझा. मुकं जनावर ते. नीट करून द्या, मी घरी घेऊन जातो."

चावलेला कुत्रा परत मागणारा मालक मास्तरांनी आजवर पाहिला नव्हता. त्याची बायको मात्र गाडीतून उतरत नसे. "धसका घेतलाय तिनं," मालक सांगे. भुऱ्या जाळीवर पुढचे पाय टेकून त्या गाडीकडे बघत बारीक आवाजात रडत राही. घरची ओढ, दुसरं काय. मास्तरांचा जीव तुटे.

त्यांनी सगळी रीतच बदलली. अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला उभं राहून मावशीवर हात उगारायचा आणि त्याच क्षणी भुऱ्याला कलेजीचा तुकडा टाकायचा. मग थोडं जवळून. मग त्याहून जवळून. हात वर गेला की भुऱ्याने चटईवर जायचं, आडवं व्हायचं, तोंड भिंतीकडे फिरवायचं. सुरुवातीला भुऱ्या चटईवर थरथरायचा, कण्हायचा, अर्ध्यातून उठून धावायचा.

"अरे, मरशील रे गाढवा!" मास्तर त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणत. "कोण कुणाला मारतंय याच्याशी तुला काय करायचंय? तू आपला पड ना गप!"

मावशी त्या वेळी दुसरीकडे बघे. मास्तरांचा आवाज फुटलेला तिला ऐकवत नसे.

शुक्रवारी भुऱ्या चटईवर पडला आणि पडून राहिला. कण्हलासुद्धा नाही.

शनिवारी डॉक्टर आले. मालकही आला होता; बायको नेहमीप्रमाणे गाडीतच बसली होती. त्यांनी इंजेक्शनची पेटी टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. ताट, दार, कान, अनोळखी माणूस, सगळं पार पडलं. मास्तरांनी मावशीवर हात उगारला. भुऱ्या चटईवर गेला.

"तुमचा हात त्याच्या सवयीचा झालाय," डॉक्टर म्हणाले. "ज्या घरात जायचंय तिथली माणसं हवीत. बाईंना बोलवा."

मालक गाडीपाशी गेला, काहीतरी बोलला आणि बायकोला घेऊन आला. बाई दारातच थबकली. भुऱ्या तिच्याकडे झेपावला तसा मास्तरांनी पट्टा आवळला, पण त्याने नुसते तिचे हात चाटले. बाई खाली बसली आणि तिने त्याच्या मानेत तोंड खुपसलं. बराच वेळ तिने ते वर केलं नाही.

"बघा, भीती पळाली," मास्तर मालकाला म्हणाले. "आता बाई, तुम्ही इथे उभ्या राहा. साहेब, तुम्ही यांच्यावर हात उगारा. नुसताच. पण खरा वाटला पाहिजे."

"मी?" मालक ओशाळून हसला. "असलं कधी जमलं नाही बुवा आपल्याला."

"कुत्र्याच्या जिवाचा प्रश्न आहे, साहेब."

मालकाने हात उगारला.

भुऱ्याचे कान टवकारले. पाठीवरचे केस उभे राहिले. मग भुऱ्या वळला, सावकाश चटईवर गेला, आडवा झाला आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"पास," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पेटी उचलली.

मावशीने पदराने डोळे पुसले. मास्तर गुडघ्यांवर बसले आणि भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. जगला होता. पोरगं जगलं होतं. डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून, अभिनंदन करायला ते मागे वळले.

मालकाचा हात अजून वरच होता आणि त्याची बायको दोन्ही हातांनी डोकं झाकून, भिंतीच्या कोपऱ्यात केव्हाच खाली बसली होती.