चार थेंब

अलाबामातल्या आमच्या गावात शाळेची सभा चांगलीच तापली होती.

"विज्ञानाच्या तासाला उत्क्रांती शिकवता ना? मग देवाने सहा दिवसांत जग घडवलं, तेही त्याच तासाला शिकवा!" बाप्टिस्ट चर्चचे पाद्री ग्रब्ज कडाडले. जवळजवळ सगळं गाव त्यांच्याच चर्चचं, त्यामुळे टाळ्या थांबेनात.

विज्ञानाच्या पिकेटबाई उठल्या. "शिकवते की, पाद्रीबुवा! सोमवारपासूनच. फक्त मी पडले मेथडिस्ट चर्चची. तुम्ही माणसाला नदीत अख्खं बुडवून बाप्तिस्मा देता, आमच्यात तान्ह्या बाळाच्या डोक्यावर चार थेंब शिंपडले की झालं. बायबल शिकवायचं तर मी आमच्याच रीतीने शिकवणार. चालेल ना?"

टाळ्या थांबल्या. आया आपापल्या पोरांकडे बघायला लागल्या.

पाद्रीबुवा घाईघाईने म्हणाले, "नको, नको! बाई, तुम्ही आपली माकडंच शिकवा."