चामड्याचा चेंडू

माझं पान गोठ्याशेजारी मांडलं होतं. कॉलेजची फुटबॉल टीम फायनलला पोचली म्हणून कॅप्टन गोवंडेच्या घरी जेवण होतं. दहा जण माजघरात पाटांवर, आणि गोलकीपर म्हशीजवळ. गोवंडेने वरूनच माझ्या पानात जिलबी टाकली. "राग मानू नकोस हं सटवा. आमची आई फार सोवळ्याची."

काय शूर टीम होती! चेंडू चामड्याचा, म्हणून एकही पठ्ठ्या त्याला डोकं लावत नसे. शेंडी विटाळते ना! लाथा मारायच्या आणि घरी जाऊन आंघोळ करायची. पण गोलात चेंडू हातांनी धरावा लागतो. तिथे कोण उभा राहणार? म्हणून १९१२ साली या मंडळींना कॉलेजातल्या एकुलत्या एका चांभाराची आठवण झाली. अख्खा सीझन माझ्या हातांवर जिंकले.

फायनलला प्रिन्सिपॉलसाहेब खुर्ची टाकून बसले होते. मॅच संपत आली तरी गोल कुणाचाच नव्हता. तेवढ्यात समोरच्या टीमने मारलेला चेंडू गडगडत, अगदी सावकाश माझ्याकडे आला. शेंबड्या पोरानेही अडवला असता.

मी हात पाठीमागे बांधले.

"सटवा! अरे धर! धर की!"

चेंडू माझ्या पायाशेजारून आत गेला. गोवंडे माझी कॉलर धरायला धावत आला. मी दोन पावलं मागे सरकलो.

"शिवू नकोस गोवंड्या," मी म्हणालो. "आज मी सोवळ्यात आहे."