पुढची खोली

गाडी बंद पडली की धाकट्याला खोली मिळणार होती. साधीसुधी नाही, रस्त्याकडे दार उघडणारी पुढची खोली. तिथं दोन शिलाई मशिनं बसली असती, कापायचं टेबल बसलं असतं, आणि वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकत मागच्या बोळातून येणारं गिऱ्हाईक ताठ मानेनं आत आलं असतं. सध्या तिथं थोरल्याची मोटरसायकल बसत होती. भंगारातून आणलेली, आजोबांच्या वयाची, विलायती. दोन वर्षं नुसती बसतच होती.

दुखणं एकच. गाडी सुरू व्हायची, दिवा लागायचा, हॉर्न बोंबलायचा. जरा रेस दिली की फट्. फ्यूज गेला. थोरला पेशानं वायरमन, चारचौघांच्या घरांतले फॉल्ट नुसत्या वासावर काढणारा. पण घरच्या गाडीनं त्याचं नाक कापलं होतं. वायरिंग त्यानं तीनदा उपसलं, डायनॅमो दोनदा सोडला, टेस्ट लॅम्प लावून एकेक जोड तपासला. फ्यूज मात्र शेंगा फोडाव्यात तसे फुटत राहिले.

शेवटी आईनं निकाल दिला. "रविवारी बाराच्या आत गाडी चौकापर्यंत जाऊन परत आली, तर खोली गाडीची. नाही आली, तर मशिनांची. मग कुणी तोंड वाकडं करायचं नाही."

रविवारी सकाळी धाकटा निवांत होता. वहिनी मात्र निवांत नव्हती; तिला ते भंगार घरातच नको होतं. कात्री मागायच्या निमित्तानं ती आली आणि हळूच म्हणाली, "भावजी, काल यांनी अंगणात हळूहळू पाच फेऱ्या मारल्या. फ्यूज गेला नाही. आज चौकात पोचली, तर बसा जन्मभर बोळात."

"मग मी काय करू?"

"मला काय कळतं त्यातलं? हे आंघोळीला गेलेत, एवढं सांगते. आणि आज पाणी मी भरपूर तापवलंय."

काळी वायर बॉडीला, लाल वायर लाइनला. थोरल्यानं हे धाकट्याकडून लहानपणी पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. धाकट्यानं सीट उचललं, पाना लावला, बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या आणि अदलाबदल करून आवळल्या. लाल बॉडीला. आता किक मारायचा अवकाश. मग तो काजं करायला बसला. टाके जरा वाकडे पडत होते.

बाराला दहा कमी असताना थोरल्यानं किक मारली. गाडी सुरू झाली. त्यानं रेस दिली. धाकट्यानं कान टवकारले. फट् काही झालं नाही. गाडी दाराबाहेर पडली, चौकाकडे वळली, आणि भर उन्हात दिवा लावून, हॉर्न वाजवत परत आली. हौस म्हणून थोरल्यानं आणखी दोन चकरा मारल्या. मग उतरून सीट उचललं, आणि तो थिजला.

"लाल बॉडीला कुणी लावली?"

त्यानं वाकून वायर पुन्हा निरखली.

"अरे, या जुन्या गाड्यांत उलटं असतं म्हणे! मी ऐकलं होतं, पण म्हटलं लोक फेकतात. म्हणजे दोन वर्षं मीच चुकीची जोडत होतो!" बोलता बोलता त्याची नजर धाकट्याच्या बोटांवर गेली. बोटांना ग्रीस होतं. टेलरच्या बोटांना ग्रीस कुठून येणार?

धाकट्यानं हात पाठीमागे नेले. "दादा, मी आपलं..."

थोरल्यानं त्याला मिठीच मारली. "खोली जात होती तुझी, तरी माझी गाडी चालू केलीस? आई, ऐक. खोली याची! आज मी मागे राहिलो तर भाऊ कसला?"

धाकट्यानं मान खाली घातली. खरं सांगून टाकावं असं त्याच्या फार मनात होतं. पण नेमकं कापायचं टेबल डोळ्यांपुढं आलं.

"आणि गाडी?" वहिनीनं विचारलं. "अंगणात?"

"वेडी का तू? चालू गाडी कुणी उन्हापावसात ठेवतं?"

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचा हिशेब मिटला. धाकट्याला खोली मिळाली. थोरल्याला गाडी मिळाली, वर देवासारखा भाऊही. भुर्दंड पडला तो वहिनीला: तिचं कपाट बोळात गेलं, आणि कपाटाच्या जागी, थेट तिच्या उशाशी, मोटरसायकल येऊन उभी राहिली.