दोन जागा

अंदमानात राहायचं कुठे, यावरून दिगंबर आणि हेमलता या नवरा-बायकोचा आठवडाभर वाद चालला होता. तिला लहान बेटावरची लाकडी खोली हवी होती, दारातून उतरलं की समुद्र. त्याला पोर्ट ब्लेअरमधलं, हॉस्पिटलसमोरचं हॉटेल. तिच्या केमोला डॉक्टरांनी तीन आठवड्यांची सुट्टी दिली होती.

"तिकडे तुला ताप चढला तर मी एकटा काय करू?" बोलता बोलता त्याचा आवाज कापला. तेव्हा तिने वाद सोडला. "बरं. तुम्ही म्हणाल तिथे राहू."

हॉटेलात पोचल्यावर तिने हौसेने पडदा सरकवला. समोर हॉस्पिटलचं फाटक, आणि बाकावर डोक्याला रुमाल बांधलेली, तिच्याच वयाची एक बाई. हेमलता पलंगावर येऊन बसली.

"अहो, हे तर मी घरीही बघतेच ना," ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने दिगंबर तिला बेटावर घेऊन गेला. दोन दिवस ती पाण्यात पाय सोडून बसली, दोन घास जास्त जेवली. तिसऱ्या दिवशी ताप चढलाच.

परतीच्या बोटीत ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून थरथरत होती. त्याला राहवलं नाही.

"चुकलो ना गं मी?"

"चुकलात," डोळे न उघडता ती म्हणाली. "पहिला दिवस वाया घालवलात."