घेटुळीचं मूळ

रोशनीनं ओटीवर पाऊल टाकलं न टाकलं तोच मालूनं विचारलं, "सापडलं का गो, सूज कशानं उतरते ते?"

रोशनी मालूच्या नणंदेची मुलगी. पनवेलच्या फार्मसी कॉलेजात शिकत होती. घेटुळीच्या मुळात सूज उतरवणारं असं काय आहे, ते शोधायला तिनं मामीकडून मुळं नेली होती, लोकांना सुजेवर द्यायची डब्यातली तयार पूडही नेली होती. मालूला कोण आनंद! आपली घेटुळी कॉलेजात गेली, हे अख्ख्या कामोठे गावाला सांगून झालं होतं.

"मुळात थोडं आहे, मामी," रोशनी मामाकडे बघत म्हणाली. "पण पुडीत दुखण्यावरची गोळी आहे. मेडिकलमधली, कुटून घातलेली. रोज खाल्ली तर किडनी जाते माणसाची."

मालूला हसूच आलं. "येडी हायस का? पूड तुजा मामा घरात कुटतो."

मग तिचं हसू विरलं. कुटायचं काम जगन कधी कुणाला करू देत नसे.

जगन खाली मान घालून तंबाखू मळत बसला होता. "लोकांना दम कुठं हाय?" तो शेवटी पुटपुटला. "त्या फ्लॅटवाल्यांना एका रातीत उतार पायजे. नुसत्या मुळीनं म्हैना लागतो. कोन येनार मंग आपल्या दाराशी?"

मालूच्या अंगाची लाही लाही झाली. आदल्या संध्याकाळी झाडाला हळदकुंकू वाहून आवतण द्यायचं, सकाळी उपाशीपोटी, वाटेत कुणाशी न बोलता खाडीच्या बांधावर जाऊन मूळ काढायचं. लग्न होऊन आल्यापासून तिनं हे एकदाही चुकवलं नव्हतं. तापानं फणफणलेली असतानाही गेली होती. आणि या मेल्यानं एका शब्दानं सांगू नये?

"मना उपाशी धाडत व्हते तुमी," ती म्हणाली, "आनी हिकडं गोल्या कुटत व्हते."



तेवढ्यात शेजारची सोनाबाई भिंतीला धरून धरून ओटी चढली. गुडघे टरारून सुजलेले. "मालू, पूड संपली गो. तुज्याच हातानं दे. तुज्या हाताला गुन हाय."

दे म्हणून जगननं बायकोला डोळ्यांनीच खुणावलं. मालूनं फडताळातला डबा काढला आणि त्याच्या मांडीवर आदळला.

"तुमी द्या. आनी काय देताय ते तिला सांगून द्या."

सोनाबाईनं जगनपुढं ओंजळ धरली.